जागा ठेवलेला रोल

रविवार, १४ डिसेंबर. दुपारी, जेवणं उरकल्यावर.

हजर: मी. अरविंद. मुग्धा, पुण्याहून सकाळच्या गाडीने. दशरथ, गव्हाणहून, मार्गशीर्ष म्हणून पहिल्यांदाच मासळीच्या पिशवीशिवाय. "हात हलवत आलोय वहिनी, घरात घ्या तरी," असं दारातच म्हणाला.

कामाला बसायच्या आधी कोण कोण आहे हे मी लिहून घेते, हे तुम्हाला सांगायला नको, भाऊजी. तुमच्या नावापुढे मी न विचारता 'उशिरा' असं लिहायचे आणि तुम्ही येऊन ते वाचायचात, आणि "बघा, वहिनींनी सांगितलं तसंच वागलो," म्हणायचात. आज चार नावं लिहून झाल्यावर पेन थोडा वेळ तिथेच राहिलं.

भाऊजी, आज तुमची मागची खोली आवरायला घेतली. कपडे, औषधं, हॉस्पिटलच्या फायली, चपला. हे सगळं तासाभरात उरकलं, कारण ते मला येतं. औषधं परत करायची ती वेगळी, फेकायची ती वेगळी. फायलींवर मी आधीच तारखा घालून ठेवल्या होत्या. तुमच्या आजारपणात माझ्याकडून एक गोळी चुकली नाही, एक तपासणी चुकली नाही, पेज कधी गार झाली नाही. लोक माझं कौतुक करतात. तेराव्याला तुमच्या दुकानातले सगळे आले होते, तेही करत होते. मी हात जोडून ऐकून घेत होते आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. तुम्ही या घरात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि ती सोडून मी बाकी सगळं केलं.

मग तुमचे कॅमेरे निघाले. दशरथने ते पलंगावर ओळीने मांडले. सगळे प्लॅस्टिकचे, सगळे हलके, एकही किमती नाही. कुणीतरी कुणाच्या मुंजीत दिलेला, जत्रेतून आणलेला, भंगारवाल्याच्या गाडीवरून उचललेला. मुग्धाला प्रत्येकाचं नाव पाठ. 'डावरा' म्हणजे ज्याच्या डाव्या कडेने उजेड शिरतो आणि प्रत्येक फोटोत नारिंगी पट्टा येतो. 'आंधळा' म्हणजे ज्याच्या खिडकीतून दिसतं एक आणि येतं भलतंच. 'खादाड' रोल फाडून खातो. आणि तुमचा लाडका, निळा, ज्याचं मागचं झाकण बसत नाही म्हणून माझ्या कोथिंबिरीच्या जुड्यांचं रबरबँड लावून फिरायचात. त्याच्यावर सूर्य आणि ढग अशी दोन चित्रं आहेत आणि मध्ये एक खटका. खटका कुठेही केला तरी आत काहीच होत नाही, हे तुम्ही मला स्क्रू काढून दाखवलं होतंत. मी म्हटलं, मग तो ठेवलाय कशाला? तुम्ही म्हणालात, "माणसाला वाटावं की आपण काहीतरी ठरवलं."

तेव्हा मला राग आला होता. मला न चालणाऱ्या वस्तूचा राग येतो. नळ गळत असेल तर मी त्याच दिवशी वॉशर बदलून घेते, आणि हे माझ्या घरात एक माणूस गळके कॅमेरे मुद्दाम सांभाळून ठेवतो. मी तुम्हाला फोनचा कॅमेरा दाखवायचे. बघा, लगेच दिसतं, पुसता येतं, उजेड कमी-जास्त करता येतो. तुम्ही मान डोलवायचात. "त्याला सगळं येतं वहिनी. ह्याला काही येत नाही, म्हणून माझं ह्याच्याशी जमतं."

आपला हा वाद कधी मिटला नाही. मी तुम्हाला पटवून देऊ शकले नाही हे ठीक. पण तुमचं मला किती पटलं होतं तेही मी सांगितलं नाही.

कारण ते फोटो मला आवडायचे. नेऱ्याच्या बाजूला तुम्ही रविवारी सायकलने जायचात, तिथल्या डोंगराचे, बांधाचे, बसलेल्या म्हशींचे. कोपरे काळवंडलेले, मधलंच थोडं स्पष्ट, आपण झोपेतून उठून डोळे चोळत बघावं तसं. वडाळे तलावावर फिरायला आलेली माणसं तुमच्या निळ्या डबीकडे बघून हसायची आणि तशीच फोटोत यायची, केस न सावरता. फोन वर केला की लोक तोंड नीट करतात. तुमच्यापुढे कुणी केलं नाही, कारण तो कॅमेरा आहे यावर कुणाचा विश्वासच बसायचा नाही. आणि मग वाट बघणं. पनवेलात रोल धुऊन देणारं कुणी उरलं नव्हतं, मुग्धा यायची तेव्हा तुम्ही तिच्याबरोबर पुण्याला पाठवायचात, आणि पाकीट यायला एवढा वेळ लागायचा की आपण काय काढलं तेच तुम्ही विसरलेले असायचात. पाकीट आलं की मी स्वयंपाकघरातून मुद्दाम उशिरा यायचे. हात पुसत, कामातून सवड काढल्यासारखी. आधी आले असते तर काय बिघडलं असतं?

मग तुम्ही ते दोघांचे रोल सुरू केलेत. तुम्ही पूर्ण रोल काढायचा, तो परत गुंडाळायचा, पण फिल्मचं टोक, त्याची जीभ, बाहेर राहील इतकाच, आणि कडेला स्केचपेनने खूण करून दुसऱ्याला द्यायचा. दुसऱ्याने खुणेला खूण लावून त्याच रोलवर पुन्हा काढायचं. कुणी काय काढलं ते एकमेकांना सांगायचं नाही. दशरथने त्याच्यावर काढली ती वाळत घातलेली जाळी, आणि खाली तुम्ही एसटी स्टँड काढून ठेवला होता. पाकीट उघडलं तेव्हा दशरथ इथेच होता. "सुध्या," तो म्हणाला, "जाल्यान येष्टी घावली रं." अरविंदने त्याची नवी स्कूटर चारी बाजूंनी काढली आणि ती नेऱ्याच्या म्हशीच्या पाठीवर जाऊन बसली. तो फोटो अजून हॉलमध्ये आहे. पाहुणे आले की अरविंद त्याच्याखालची खुर्ची टाळतो.

राहिले मी.

गणपतीत, घरभर माणसं असताना, तुम्ही आरतीच्या वेळी निळा कॅमेरा घेऊन माझ्या आणि ताटाच्या मध्ये आलात, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "भाऊजी, पन्नाशी आली, आता खेळणी पुरेत." सगळे हसले. तुम्हीही हसलात. दुसऱ्या दिवशी मी पीठ मळत असताना रोलची काळी डबी ओट्यावर ठेवलीत.

"हा तुमचा."

"माझा काय?"

"माझं काढून झालंय. आता तुमचं."

"मला वेळ आहे का?"

"सवडीने. आणि घाबरू नका, मी सावल्या भरपूर ठेवल्यात."

मला कळलं नाही म्हणून तुम्ही समजावून सांगितलंत. पहिल्या फोटोत जिथे ऊन असतं तिथे दुसरा फोटो उमटत नाही. जिथे अंधार असतो तिथेच उमटतो. दशरथच्या वेळी आणि अरविंदच्या वेळी तुम्ही हा विचार केला नव्हता, जे झालं ते नशिबाने झालं. माझ्या रोलवर मात्र तुम्ही प्रत्येक फोटोत अर्धी जागा काळी ठेवली होती. जिन्याखालची, भिंतीच्या पडछायेची, उघड्या दारातून दिसणाऱ्या खोलीची. "तुम्ही काहीही काढा वहिनी, जागा आहे."

मी डबी फ्रिजच्या दारात ठेवली, अंड्यांच्या कप्प्यात. कामांच्या यादीत लिहिलं. ते मी पुढच्या प्रत्येक यादीत लिहीत गेले.

तुम्हाला वाटलं असेल की वहिनीला हा पोरखेळ वाटतो म्हणून ती हात लावत नाही. तसं नव्हतं, भाऊजी. मी एकदा कॅमेरा आणि डबी घेऊन गच्चीवर गेले होते. तुम्ही दुकानात होतात. गच्चीवर वाळवणं होती, टाकी होती, समोरच्या बिल्डिंगची ग्रिलं होती. मी प्रत्येक गोष्टीसमोर उभी राहिले आणि प्रत्येक गोष्ट मला लाजवत गेली. कुणीतरी आपल्यासाठी एवढी जागा राखून ठेवली आहे आणि आपण तिथे पाण्याची टाकी नेऊन बसवायची? मला उतरंड लावता येते, हिशेब लागतो, लग्नाच्या पन्नास पानांचं जेवण मी एकटी उभं करते. पण काय बघण्यासारखं आहे हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी डबी परत फ्रिजमध्ये ठेवली आणि तुम्ही आल्यावर म्हटलं, वेळच मिळत नाही. ते मी इतक्या ठसक्यात म्हणते की सगळ्यांना खरं वाटतं.

एक मात्र सुचलं होतं. तुम्ही. दाराच्या चौकटीला टेकून, खांद्यावर पंचा, बशीतून चहा पिताना. तुमच्या एकाही फोटोत तुम्ही नव्हतात. सगळ्यांचे काढलेत आणि तुमचा काढायचं कुणाला सुचलं नाही, मलाही इतकी वर्षं नाही. म्हटलं, पहिला तोच काढायचा, मग पुढचं सुचेल.

त्याच आठवड्यात तुमचं पोट दुखायला लागलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे, आणि मी ते इथे लिहीत नाही. मी फक्त एवढंच ठरवलं होतं की जरा अंगावर मांस आलं की काढू. तुमचे गाल बसले होते, शर्ट खांद्यावरून उतरायचा. अशा माणसाचा फोटो काढायचा म्हणजे आपण आशा सोडली असं त्याला वाटेल, असं मला वाटलं. आता वाटतं, तुम्हाला तसं वाटलंच नसतं. तुम्ही म्हणाला असतात, कॅमेरा 'आंधळा' घ्या म्हणजे अर्धाच येईन.

हॉस्पिटलात तुम्ही विचारलंत एकदा. मी फळं कापत होते.

"वहिनी, रोल?"

"कुठे वेळ आहे भाऊजी, बघताय ना."

"घाई नाही. त्याच्यावर एक्सपायरी असते, पण तो काही ऐकत नाही. रंग थोडे उतरतात एवढंच."

मी सफरचंदाच्या फोडी मोजून बशीत ठेवल्या. तेव्हा सांगता आलं असतं. वेळ होता, भाऊजी, मला भीती होती. मला तुमचाच काढायचा आहे आणि तुम्ही बरे व्हायची वाट बघतेय. एवढी दोन वाक्यं. नर्स आली आणि मी तिला ड्रिपबद्दल विचारलं, कारण ते विचारायचं मी घरून ठरवून आले होते.

आज फ्रिज उघडला तो मुग्धाने, पाण्यासाठी. डबी तिला दिसली. तिने ती अंड्यांच्या कप्प्यातून काढून पलंगावर, कॅमेऱ्यांच्या ओळीत ठेवली आणि विचारलं, "आई, हा काकाचा तुझ्याबरोबरचा ना? झालाय का?"

मी नाही म्हटलं.

अरविंदने ती उचलली. "मग हा तसाच धुवायला द्यायचा. शेवटचा आहे त्याचा. ह्याच्यावर कुणी काही काढायचं नाही."

"बाबा, तो दोघांचा रोल आहे. अर्धाच झालाय."

"अर्धा तर अर्धा."

"अर्धी भाजलेली पोळी काढता का तव्यावरून?"

"पोळ्या तुझी आई करते. मला विचारू नकोस."

दशरथ खिडकीत बसला होता. "येवरा कशाला इचार करता? सुध्यानी वहिनींना दिलाय ना, मंग त्यांनाच इचारा."

"तू मध्ये बोलू नकोस दशा. तुझा भाऊ गेला नाहीये."

"नाय, माजा दोस गेलाय," दशरथ म्हणाला, अगदी शांतपणे.

मग मी ते सावल्यांचं सांगितलं. या घरात ते तुम्ही मला एकटीला सांगितलं होतंत आणि मी ते कुणापाशी बोलले नव्हते. सांगितलं की तसाच धुतला तर प्रत्येक फोटोत अर्धा अंधार दिसेल, आणि तो चुकून आलेला नाही, माझ्यासाठी सोडलेला आहे. तो तसाच छापून घरात लावला तर मी आले नाही, हेच रोज भिंतीवर दिसत राहील. हे शेवटचं वाक्य मी मनात ठरवलं नव्हतं. ते आलं.

मुग्धा उगाच रबरबँड ताणत बसली. अरविंद डबीकडे बघत होता.

"माझ्या वेळी नाही ठेवली त्याने जागा," तो म्हणाला.

"तुमच्या स्कूटरला कशाला जागा लागते? ती आपणहून म्हशीवर चढली."

तो हसला. हसता हसता गॅलरीत गेला आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. दशरथ उठून त्याच्याजवळ गेला, आणि दोघं खाली रस्त्यावर कोण रिक्षा उलटी घालतोय ते बघत राहिले. आत आल्यावर अरविंदने डबी माझ्या हातात दिली. "काय काढायचं ते काढ. पण त्याचं झाकू नकोस." मी म्हटलं, झाकलं जातच नाही, तशी सोय केलीय त्यांनी. त्याने मान हलवली. पटलं की नाही कळलं नाही. मला वाटतं त्याला अजून तो तसाच हवा आहे, आणि मला त्याला चूक म्हणता येत नाही.

मुग्धाला सहाची गाडी होती. ती म्हणाली, "आई, आत्ता काढलास तर मी घेऊनच जाते. ऊन आहे अजून तासभर." निळ्या कॅमेऱ्याला ऊन लागतं, एवढं मलाही माहीत आहे. तिने भरून दिला. खुणेला खूण लावली, रबरबँड लावलं, अंगठ्याने चाक फिरवून पहिल्या फोटोपर्यंत आणलं. आणि माझ्या हातात देऊन तिघंही माझ्याकडे बघायला लागले, तशी मी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं.

मग मी तुमच्या दाराच्या चौकटीसमोर उभी राहिले. कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला. त्या कॅमेऱ्यातून सगळं लांब आणि लहान दिसतं. चौकट होती, भिंतीवर तुमच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता, टेकायचात तिथे. मी खूप वेळ तशीच उभी होते. इथे जो यायचा होता तो आता येत नाही, आणि त्याच्या जागी दुसरं काही ठेवायला हात होईना. नुसती चौकटही नको होती. रिकाम्या चौकटीचा फोटो काढणारी बाई मी नाही.

आता तुमच्या ह्या कॅमेऱ्याचं असं आहे की बटण दाबल्याशिवाय चाक पुढे सरकत नाही. पहिला सोडून दुसऱ्यावर जाता येत नाही. फिरवून बघितलं, अडकलं. जोर लावला तर रोल फाटेल हे कळत होतं. मग मी दुसऱ्या हाताचा तळवा भिंगावर ठेवला, घट्ट, आणि बटण दाबलं. बारीकसा टक आवाज झाला, अगदी खेळण्यासारखा. चाक सुटलं.

तेव्हा पहिला फोटो तुमचा एकट्याचा राहिला आहे, भाऊजी. त्यात तुम्ही जे काढलंत ते असेल, आणि जी जागा ठेवलीत ती. मुग्धाला सांगितलं तर म्हणाली, हाताच्या कडेने थोडा उजेड आत गेलाच असणार, प्लॅस्टिकचं भिंग आहे, असं पूर्ण बंद होत नाही ते. असेना.

एवढ्यात ऊन समोरच्या बिल्डिंगच्या मागे गेलं. मुग्धा थांबायला तयार होती, पण उद्या तिला ऑफिस आहे. तिला डबा भरून दिला, दशरथ तिला स्टँडवर सोडून पुढे गव्हाणला गेला. जाताना म्हणाला, "सुचला नाय तर या तिकडं. आमच्याकडं बोटी हायत, काय पन काढा."

आता कॅमेरा जेवणाच्या टेबलावर आहे, रबरबँड लावलेला. मुग्धा पुन्हा येईपर्यंत संपवायला हवा. दुसऱ्या फोटोत काय काढायचं ते मला अजून माहीत नाही. उद्या सकाळी गच्चीवर ऊन आलं की जाईन.